गावाचा रस्ता मंजूर होतो तेव्हा नेमकं काय काय होतं

गावाकडच्या रस्त्याचा विषय कुठेही काढा, कुणीतरी म्हणतंच की आमदारांनी मनावर घेतलं तर आठ दिवसात काम लागेल. अर्धं खरंय ते. मनावर घेणारा माणूस लागतोच, त्यात वाद नाही, पण त्याने मनावर घेतल्यावर सुद्धा काही रस्ते होतात आणि काही वर्षानुवर्षं तसेच पडून राहतात. हे का होतं ते समजायचं असेल तर आधी दोन गोष्टी बघायच्या, रस्त्याला नंबर कुठला आहे आणि पैसा कुठल्या लेखाशीर्षातून, म्हणजे सरकारी बजेटच्या कुठल्या खात्यातून यायचाय. सर्व्हे, टेंडर, भूमिपूजन, नारळ वगैरे सगळं त्यानंतर. (इथे महाराष्ट्राचंच सांगतोय, बाकीच्या राज्यांत खात्यांची नावं आणि पद्धती वेगळ्या आहेत.)

तर आधी नंबर. सरकारच्या लेखी रस्त्याला जात असते. सगळ्यात वर राष्ट्रीय महामार्ग, मग राज्यमार्ग, मग प्रमुख जिल्हा मार्ग म्हणजे प्रजिमा, मग इतर जिल्हा मार्ग म्हणजे इजिमा, आणि शेवटी ग्रामीण मार्ग, ज्याला कागदावर ग्रामा लिहितात. ही उतरंड आजकालची नाही, १९४३ साली नागपुरात देशभरातल्या चीफ इंजिनिअरांची परिषद झाली होती, त्यात जो वीस वर्षांचा आराखडा ठरला तो नागपूर प्लॅन, तिथून हे वर्गीकरण चालत आलंय. पुढे महाराष्ट्राने असेच वीस वीस वर्षांचे रस्ते विकास आराखडे केले, १९६१ ते ८१, मग १९८१ ते २००१, मग २००१ ते २०२१. ज्या रस्त्याचं नाव त्या आराखड्यात आहे त्याला नंबर, ज्याचं नाही तो योजनाबाह्य. आणि योजनाबाह्य रस्ता म्हणजे सरकारच्या दृष्टीने तो जवळजवळ नसल्यातच जमा, मग त्यावरून दिवसाला शंभर गाड्या का जाईनात.

राष्ट्रीय महामार्ग केंद्राचा. राज्यमार्ग आणि प्रजिमा पीडब्ल्यूडीकडे, म्हणजे सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. इजिमा आणि ग्रामा जिल्हा परिषदेकडे. म्हणून खड्ड्याची तक्रार घेऊन माणूस पीडब्ल्यूडीत जातो आणि तिथला साहेब शांतपणे सांगतो की हा आमचा नाही, तेव्हा तो टाळत असेलच असं नाही, खरंच त्याचा नसतो. एकाच रस्त्याचे पहिले सहा किलोमीटर प्रजिमा आणि पुढचे चार ग्रामा असंही असतं, आणि मग फाट्यापर्यंत गुळगुळीत आणि फाट्यापासून पुढे हाडं खिळखिळी.

यावर लोक सुचवतात की रस्त्याची दर्जोन्नती करून घ्या, म्हणजे ग्रामाचा इजिमा करा, इजिमाचा प्रजिमा करा. होतं तसं. जिल्हा परिषदेचा ठराव लागतो, प्रस्ताव वर जातो आणि शासन निर्णय निघतो. (२०२२ नंतर बऱ्याच जिल्हा परिषदांत निवडून आलेलं सभागृहच नव्हतं, प्रशासक होते, त्यामुळे असल्या ठरावासाठी भांडायला आपला सदस्यच नाही अशी गत होती.) पण माझं मत विचाराल तर दर्जोन्नती हा दर वेळी फायद्याचा सौदा नाही. जिल्हा परिषदेच्या यादीत तुमचा रस्ता मोठा असतो, तोच पीडब्ल्यूडीच्या यादीत गेला की सगळ्यात धाकटा होतो, आणि तिथे त्याच्यापुढे राज्यमार्गांची रांग लागलेली असते. शिवाय ग्रामीण रस्त्यांसाठी ज्या खास योजना आहेत त्यांतून तो बाहेर पडू शकतो. रस्त्यावर जड वाहतूक खरोखर वाढली असेल, तो दोन तालुक्यांना जोडत असेल, तर दर्जोन्नती मागायला अर्थ आहे. नुसतं मोठं नाव पाहिजे म्हणून मागू नये.

आता पैसा. आकड्याचा अंदाज यावा म्हणून एक गणित करू. केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा चौथा टप्पा मंजूर केला, ६२,५०० किलोमीटर रस्ते आणि ७०,१२५ कोटी रुपये, २०२८-२९ पर्यंत. भागाकार केला की किलोमीटरला साधारण १ कोटी १२ लाख येतात, त्यात पूलही धरलेत. आता आमदार निधी घ्या. महाराष्ट्रात २०२२ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात तो वाढवून वर्षाला ५ कोटी केला. म्हणजे आमदाराने शाळाखोल्या, सभामंडप, व्यायामशाळा, हायमास्ट, सगळं बाजूला ठेवून अख्खा निधी एकाच रस्त्यावर ओतला तरी त्या दराने जेमतेम साडेचार किलोमीटर होतात, आणि मतदारसंघात गावं शंभराच्या वर. तेव्हा आमदार निधीतून गल्लीतलं काँक्रीट, पेव्हर ब्लॉक, एखादी मोरी एवढंच होतं. मोठा रस्ता करायचा म्हणजे आमदाराने स्वतःच्या निधीबाहेरचा पैसा ओढून आणायचा असतो, आणि त्याच्या खऱ्या ताकदीचा कस तिथे लागतो.

हा बाहेरचा पैसा येतो कुठून? पहिला मोठा झरा म्हणजे प्रधानमंत्री ग्रामसडक, २५ डिसेंबर २००० ला सुरू झालेली. सुरुवातीला उद्देश अगदी साधा होता, सपाटीवर ५०० आणि डोंगरी किंवा आदिवासी भागात २५० लोकवस्ती असेल तर त्या वाडीला बारमाही रस्ता द्यायचा. तेव्हा सगळा पैसा केंद्राचा. २०१५-१६ पासून आपल्यासारख्या राज्यांना साठ-चाळीस झालं, म्हणजे शंभरातले चाळीस राज्याने घालायचे. २०१९ च्या तिसऱ्या टप्प्यात तर दिशाच बदलली, नवीन वस्ती जोडण्यापेक्षा आहे तेच रस्ते रुंद आणि मजबूत करायचे, देशभरात सव्वा लाख किलोमीटर, आणि रस्ता निवडताना तो बाजार समितीला, हायस्कूलला, दवाखान्याला जोडतो का ते बघायचं. इथे मेख आहे. निवड गुणांवर होते. तुमच्या रस्त्यावर किती लोकसंख्या अवलंबून आहे, वाटेत काय काय सोयी आहेत, याचे गुण पडतात आणि नकाशावर ते दाखवावं लागतं. माहिती भरताना गावातलं आरोग्य उपकेंद्र किंवा बाजार नोंदवायचा राहून गेला तर गुण गेले, आणि कुठल्याही मंत्र्याच्या पत्राने ते परत येत नाहीत. आराखडा बनतानाच ग्रामपंचायतीने ती यादी मागून तपासली पाहिजे, आणि हे काम फार कमी ठिकाणी होतं.

राज्याची मुख्यमंत्री ग्रामसडक योजना २०१५ मध्ये आली, त्याच धाटणीची. आशियाई विकास बँकेचं कर्जही आहे, २०१९ मध्ये २० कोटी डॉलर, २,१०० किलोमीटर ग्रामीण रस्त्यांसाठी, ३४ जिल्ह्यांत, म्हणजे मुंबईचे दोन सोडले तर सगळीकडे, आणि त्यानंतर आणखी ३० कोटी डॉलरची भर पडली. केंद्रीय रस्ते निधी आहे, ज्याला आपल्याकडे सगळे सीआरएफ म्हणतात (२०१८ मध्ये नाव लांबलं, त्यात पायाभूत सुविधा घुसल्या), तो पेट्रोल-डिझेलवरच्या सेसमधून भरतो, म्हणजे बाईकमध्ये पेट्रोल भरताना तुम्ही त्यात टाकताच आहात.

नाबार्डचं, म्हणजे शेती आणि ग्रामीण विकासासाठीच्या राष्ट्रीय बँकेचं, मात्र थोडं थांबून बघू, कारण नाबार्डमधून पूल झाला असं सगळे म्हणतात आणि तो पैसा कुठून आला ते विचारत कुणीच नाही. बँकांना बंधन असतं की एकूण कर्जातलं ४० टक्के प्राधान्य क्षेत्राला (शेती, छोटे उद्योग वगैरे) द्यायचं आणि त्यात शेतीला १८ टक्के. ज्या बँका हे करत नाहीत त्यांना राहिलेली तूट काही प्रमाणात नाबार्डच्या ग्रामीण पायाभूत निधीत जमा करावी लागते, तो १९९५-९६ मध्ये २,००० कोटींनी सुरू झाला. त्यातून राज्याला स्वस्त कर्ज मिळतं, रस्त्याच्या कामाला खर्चाच्या ८० टक्क्यांपर्यंत, सात वर्षांत फेडायचं, पहिली दोन वर्षं हप्ता नाही. थोडक्यात शेतकऱ्याला जे कर्ज बँकेने द्यायचं राहिलं त्यातलं काही त्याच्या शिवारातल्या पुलात आलं. यात आनंद मानायचा की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं, पण ते कर्ज आहे, अनुदान नाही, एवढं लक्षात ठेवा.

मोठ्या रस्त्यांसाठी हॅम नावाचा प्रकार आहे, हायब्रिड अॅन्युइटी. केंद्राने २०१६ मध्ये महामार्गांसाठी आणला, नंतर आपल्या पीडब्ल्यूडीनेही प्रमाणं बदलून राज्याच्या रस्त्यांना लावला. केंद्राच्या पद्धतीत बांधकाम चालू असताना सरकार ४० टक्के देतं, उरलेले ६० टक्के कंपनीने उभे करायचे आणि सरकारने ते व्याजासकट पंधरा वर्षं हप्त्याहप्त्याने द्यायचे. टोल आला तर तो सरकारचा, कंपनीचा नाही. रस्ता लवकर दिसतो हे खरं, पण तो हप्ता पुढच्या सरकारांच्या बजेटमधून जात राहतो आणि तेवढा नवीन कामांचा पैसा आधीच बांधला जातो.

आणि मग आपलं रोजच्या भाकरीचं, जिल्हा नियोजन समिती. पालकमंत्री अध्यक्ष, आणि तिथे ऐकू येणारे दोन आकडे म्हणजे ३०५४ आणि ५०५४. ही रस्ते-पुलांची लेखाशीर्षं आहेत, ३०५४ महसुली खर्चाचं, त्यात देखभाल दुरुस्ती येते, आणि ५०५४ भांडवली, म्हणजे बांधकामाच्या खर्चाचं. जिल्हा नियोजनात ग्रामीण मार्गांची कामं ३०५४ खाली आणि इतर जिल्हा मार्गांची ५०५४ खाली अशी वाटणी सर्रास दिसते, म्हणून पंचायत समितीच्या कट्ट्यावर पण लोक अमुक रस्ता चोपन्नमध्ये बसवला असं बोलतात.

आता सगळ्यात गोंधळाचा भाग, दायित्व. समजा एखाद्या जिल्ह्याला या वर्षी एका लेखाशीर्षात १० कोटी आले. पण मागच्या वर्षी मंजूर केलेली आणि अजून चालू असलेली कामं आहेत, त्यांचं ६ कोटींचं बिल द्यायचंय. हे दायित्व. ते वजा केलं की उरले ४ कोटी. आता कामं काही एका वर्षात संपत नाहीत, म्हणून उरलेल्या रकमेच्या दीडपट नवीन कामांना मान्यता देतात, म्हणजे ६ कोटींची. बिल पुढच्या वर्षी येईल हा हिशोब. पुढच्या वर्षी निधी तेवढाच आला तर ठीक, कमी आला किंवा दीडपटीच्या जागी अडीचपट कामं घेतली गेली की दायित्व फुगतं, आणि दोन-तीन वर्षांत अशी वेळ येते की आलेला सगळा निधी जुन्याच बिलात जातो. निवडणुकीच्या आधी भरमसाठ प्रशासकीय मान्यता निघतात त्याचा परिणाम हाच असतो. राज्याच्या पातळीवर हेच मोठ्या आकड्यात होतं, बजेटमध्ये काम येतं, पण समोर तरतूद, म्हणजे त्या वर्षासाठी प्रत्यक्ष ठेवलेला पैसा, नावापुरती, बाकी पुढच्या वर्षांत. २०२५ मध्ये थकीत बिलांसाठी राज्यभर कंत्राटदारांनी आंदोलनं केली ती यातूनच.

म्हणून प्रशासकीय मान्यता म्हणजे पैसा नव्हे. प्रशासकीय मान्यतेचा अर्थ एवढाच की हे काम एवढ्या रकमेत करायला हरकत नाही. त्यानंतर इंजिनिअर सविस्तर इस्टिमेट करतो, त्याला तांत्रिक मान्यता, मग टेंडर, मग वर्क ऑर्डर. व्हॉट्सॅपवर बातमी फिरते ती पहिल्या पायरीची असते आणि खडी पडते ती शेवटच्या. मधे दीड-दोन वर्षं गेली तर कुणी खाल्ले असं लगेच धरू नका, आधी विचारा की तरतूद किती आहे. हा एक प्रश्न विचारला की समोरचा सरळ बसतो असा माझा तरी अनुभव आहे.

इस्टिमेटचं बोलायचं तर आपल्याकडच्या काळ्या मातीने भल्याभल्या रस्त्यांची वाट लावलीय. पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, भेगा पडतात आणि वरचं डांबर त्याबरोबर फाटतं. मातीची ताकद मोजायची एक चाचणी असते, सीबीआर. साच्यात माती ठोकून भरतात, चार दिवस पाण्यात बुडवून ठेवतात आणि मग त्यात पाच सेंटिमीटर व्यासाचा लोखंडी दट्ट्या हळूहळू दाबतात, किती जोर लागला ते बघतात. चांगल्या फोडलेल्या खडीला शंभर धरलं तर भिजलेल्या काळ्या मातीला दोन-तीन मिळतात. म्हणजे खाली मुरमाचा आणि खडीचा थर चांगलाच जाड पाहिजे, आणि खर्च तिथेच असतो. पण जमिनीखालचं कुणाला दिसत नाही, वरचं काळंभोर कारपेट दिसतं, त्यामुळे पैसा कमी पडला की कात्री लागते ती खालच्या थराला नाहीतर गटाराला. गटार नसलेला रस्ता काळ्या मातीत एक-दोन पावसाळे काढतो, फार तर.

दुसरी गोष्ट वजन. रस्त्याचं डिझाइन गाड्यांच्या संख्येपेक्षा अॅक्सलवर, म्हणजे चाकांच्या आसावर येणाऱ्या वजनावर करतात, प्रमाण अॅक्सल धरलाय ८.१६ टनांचा. आणि नुकसान वजनाच्या पटीत वाढत नाही, साधारण चौथ्या घाताने वाढतं, अमेरिकेत १९५० च्या दशकाच्या शेवटी मुद्दाम रस्ते बांधून त्यावर ट्रक फिरवून हे तपासलं गेलंय. एका अॅक्सलवर दुप्पट वजन टाकलं तर रस्ता दुप्पट नाही, सोळापट झिजतो. २०१८ मध्ये केंद्राने चार चाकी सिंगल अॅक्सलची मर्यादा १०.२ वरून ११.५ टन केली, वाढ ऐकायला छोटी वाटते पण या हिशोबाने झीज दीडपटीच्या वर जाते. आता उसाचा ट्रॅक्टर डोळ्यासमोर आणा, मागे दोन ट्रेलर, दोन्हीत मोळ्या पार वरपर्यंत रचलेल्या, आणि अशा गाड्या गळीत हंगामात रात्रंदिवस. त्या रस्त्याची वाहतूक मोजणी जर जूनमध्ये केली तर वहीत काय येणार? चार मोटारसायकली आणि एक दुधाचा टेम्पो. त्यावर डिझाइन केलं की ३.७५ मीटर रुंद पातळ रस्ता मंजूर होतो आणि पहिल्याच हंगामात त्याच्या कडा तुटतात. नियम असा आहे की सुगीतली वाहतूक पण धरायची, म्हणून मोजणी कधी झाली होती हे विचारायचा गावाला पूर्ण हक्क आहे. समोरून येणाऱ्या दोन जड गाड्यांना साईडपट्टीवर उतरावं लागू नये एवढं पाहिजे असेल तर निदान साडेपाच मीटर रुंदी लागते, दुपदरी म्हटलं की सात.

रुंदी आली की जमीन आली. ग्रामसडक योजनेत जागेसाठी पैसा नसतो, जागा राज्याने किंवा गावाने उपलब्ध करून द्यायची. कागदावर रस्ता बारा मीटरचा आणि जागेवर बांधापासून बांधापर्यंत सात, असं असतं आणि प्रत्येकाचं म्हणणं की समोरच्याने आत घेतलंय. म्हणून या योजनेत काम ठरवण्याआधी इंजिनिअर, सरपंच, तलाठी आणि गावकऱ्यांनी पूर्ण रस्ता पायी चालून बघायचा असा नियमच आहे, ट्रान्सेक्ट वॉक. मोरी कुठे पाहिजे, ओढ्याचं पाणी कुठून वर येतं, वळणावर कुणाची विहीर आहे, हे तेव्हाच सांगायचं. बऱ्याच ठिकाणी हा वॉक सहीपुरता होतो आणि मग काम चालू झाल्यावर शेतात पाणी घुसतंय म्हणून जेसीबीपुढे माणसं आडवी पडतात.

वनजमीन मधे आली की १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखाली परवानगी, ती दोन टप्प्यांत, त्यात वर्षं जातात. पण एक पळवाट नव्हे, कायदेशीर वाट आहे जी आदिवासी पट्ट्यात सगळ्यांना माहीत पाहिजे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये रस्ता, शाळा, अंगणवाडी अशा कामांना एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडावी लागत नसतील तर, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. वाडीपर्यंतच्या छोट्या रस्त्याला एवढी जागा बऱ्याचदा पुरते. ग्रामसभेच्या ठरावाला इतकं वजन असलेल्या जागा फार थोड्या आहेत.

टेंडरबद्दल थोडंच. कंत्राटदार इस्टिमेटपेक्षा खूप खाली दर भरतात, बिलो म्हणतात त्याला, ठराविक टक्क्यांच्या खाली गेला तर जादा अनामत भरावी लागते. पंचवीस-तीस टक्के बिलो टेंडर ऐकून सरकारचे पैसे वाचले म्हणून खूश होऊ नका, इस्टिमेट बरोबर असेल तर ते पैसे कुठल्या तरी थरातून निघणारच आहेत.

आणि देखभाल. ग्रामसडक योजनेच्या रस्त्याला पाच वर्षं दुरुस्तीची जबाबदारी त्याच कंत्राटदाराची असते, टेंडरमध्येच लिहिलेली असते, आणि रस्त्याच्या सुरुवातीला जो बोर्ड लावतात त्यावर काम संपल्याची तारीख असते. त्या बोर्डचा एक फोटो काढून ठेवा, कारण तो दोन वर्षांत वाकतो नाहीतर गायब होतो. पाच वर्षांच्या आत खड्डा पडला तर जिल्हा नियोजन, आमदार, नवीन मंजुरी यातलं काहीच लागत नाही, तारीख लिहून योजनेच्या कार्यकारी अभियंत्याला अर्ज द्यायचा, किंवा मेरी सडक अॅपवर फोटो टाकायचा. या रस्त्यांचं डिझाइन दहा वर्षांचं धरलेलं असतं, त्यामुळे सहाव्या-सातव्या वर्षी वरून एक नवीन थर मिळाला पाहिजे, तेव्हा तो स्वस्तात होतो. नेमका तेव्हाच कंत्राटदार सुटलेला असतो आणि रस्ता देखभालीच्या पैशाच्या रांगेत उभा असतो, जिथे भूमिपूजन करता येत नाही म्हणून जोर लावायला कुणी येत नाही. तेव्हा पाचवं वर्ष संपायच्या आधीच्या ग्रामसभेत दोन ठराव घ्या, एक कंत्राटदाराकडून राहिलेली दुरुस्ती करून घेण्याचा, आणि दुसरा पुढच्या वर्षीच्या नूतनीकरणाच्या यादीत रस्ता त्याच्या नंबरासकट घालण्याचा. नंबर नसेल तर यादी करणाऱ्याला तो सापडत नाही.